त्र्यंबकच्या पौष वारीत रात्रीची ऊब कशी राखावी

पंढरीची आषाढी वारी पावसातली, तशी आमची त्र्यंबकची वारी थंडीतली. संत निवृत्तीनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला भरते. कॅलेंडरवरची तारीख मागंपुढं होते. २०२४ ला ती ६ फेब्रुवारीला आली, २०२५ ला २५ जानेवारीला, आणि २०२६ ला तर ऐन संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला. तारीख कुठलीही असो, वाटेवरचे मुक्काम गारठ्यातच पडतात.

आम्ही निफाड तालुक्यातले, गोदाकाठचे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कितीवर उतरला, हे आमच्याकडं हिवाळ्यात सकाळच्या चहाबरोबर बोललं जातं, कारण द्राक्षाचं सगळं त्याच्यावर असतं. पारा पाच-सहाच्या खाली गेला की मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा, ठिबकनं विहिरीचं पाणी सोडायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं करत आलोय. थंडी कुठं साचते आणि कधी चढते, हे त्यातूनच कळत गेलं. दिंडीत बायकांच्या मुक्कामाची, अंथरुणा-पांघरुणाची व्यवस्था माझ्याकडं असते. नव्या माऊली दरवर्षी तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी खालचं बघा

नवीन माणूस वारीला येतो तो पांघरायचं ढीगभर घेऊन. दुकानातलं गुबगुबीत ब्लँकेट, वर शाल, वर स्वेटर. खाली मात्र एक पातळ सतरंजी. पहिल्या रात्री दीड-दोनच्या सुमारास हीच माणसं उठून बसलेली दिसतात आणि म्हणतात, "एवढं घेतलं तरी थंडी कशी वाजते?"

थंडी वरून नाही, खालून वाजते. जमीन अंगातली ऊब रात्रभर ओढत राहते. ऊब धरून ठेवते ती कापडात अडकलेली हवा, आणि अंगाखाली दबलेल्या कापडात हवा उरतच नाही. म्हणून मऊ, फुगीर ब्लँकेट खाली घातलं तर ते चपटं होऊन बसतं. खाली लागतं ते न दबणारं काहीतरी. आणि दोनच पांघरुणं असतील तर एक खाली घाला, एक वर घ्या. दोन्ही वर घेऊन उपयोग नाही.

आमची पथारी अशी पडते. सगळ्यात खाली सरकी पेंडीच्या रिकाम्या गोण्या, उसवून एकमेकींना शिवलेल्या. जमिनीची ओल त्या वर येऊ देत नाहीत. खताच्या गोण्या घेऊ नका, कितीही धुतल्या तरी वास जात नाही आणि अंगाला खाज सुटते. त्याच्यावर पुठ्ठा. द्राक्षाच्या पॅकिंगची खोकी आमच्या घरी असतातच, ती उलगडून सपाट करायची आणि सामानाच्या गाडीत एका कडेला उभी लावायची. वजन काहीच नाही. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये ती नागमोडी पट्टी असते ना, तिच्यात हवा अडकलेली असते आणि माणूस झोपला तरी ती लगेच दबत नाही. दोन थर घातले की शहाबादी फरशीसुद्धा सोसते. ज्यांच्याकडं द्राक्षं नाहीत त्यांनी किराणा दुकानातून बिस्किटांची खोकी मागून आणावीत, दुकानदार आनंदानं देतात. फोमची योगा मॅटही चांगली. हवा भरायची गादी मात्र आणू नका, आतली हवा खेळती राहून रात्री गार पडते, वर काटा लागला की संपलं.

पुठ्ठ्यावर मिळेल ते गवत. इथं वाट बदलते तसा माल बदलतो. निफाडकडं ऊसतोड चालू असते, त्यामुळं उसाचं पाचट मिळतं. ते धारदार असतं, त्याच्यावर सतरंजी जाड हवी, आणि अंथरण्याआधी काठीनं झोडपून घ्यायचं, आत किडामुंगी असते. नाशिक ओलांडून महिरावणी, तळेगाव, अंजनेरीकडं गेलं की भाताचा मुलूख लागतो. तिथल्या भाताच्या पेंढ्यासारखं अंथरूण नाही. हातभर जाड पसरला की माणसाच्या वजनानं चार बोटं उरतो आणि तेवढा पुरतो. सोयाबीनचा भुसा कुणी देऊ केला तर नको म्हणा, रात्रभर खाजवत बसाल. आणि पेंढा विचारूनच घ्या. तो कुणाच्या तरी गाईचा उन्हाळ्यातला घास असतो. सकाळी गोळा करून जिथून आणला तिथं परत रचून द्यायचा, म्हणजे पुढच्या वर्षी दारात उभं करतात.

त्याच्यावर सतरंजी, मग गोधडी. जुन्या लुगड्यांची, दाट धावदोऱ्याची गोधडी असेल तर तीच खाली घाला. ती दबून दबून आधीच घट्ट झालेली असते.

पांघरायला घोंगडी. घोंगडी टोचते म्हणून पोरं नाकं मुरडतात, पण लोकर दवानं ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. सुती सोलापुरी चादर ओली झाली की तिच्यात आणि ओल्या फडक्यात फरक राहत नाही. टोचत असेल तर आत चादर, वर घोंगडी. उलट नाही.

जागा कोणती धरायची

मुक्कामाला पोचलं की पाय दुखत असतात, जिथं टेकलं तिथंच पथारी टाकावीशी वाटते. दहा मिनिटं थांबा आणि फिरून बघा.

मोकळ्या आभाळाखाली झोपायचं नाही. जानेवारीत आभाळ निरभ्र असतं, आणि जमिनीची, अंगाची ऊब सरळ वर निघून जाते. पहाटे पांघरुणावर दहिवर पडून ते ओलं होतं ते वेगळंच. डोक्यावर नुसतं चिंचेचं झाड असलं तरी फरक पडतो. पत्र्याखाली झोपत असाल तर पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि पहाटे थेंब थेंब गळतं, तिथं घोंगडीवर एक पोतं टाकून ठेवा.

नदीकाठ, पाटाची कड, शेततळ्याचा बांध, ओढ्यातला खोलगट भाग टाळा. गार हवा जड असते, ती उतारानं खाली येऊन खोलात साचते. आमच्या बागेत तडे पहिल्यांदा खालच्या तुकड्यातच जातात, वरच्या तुकड्यात दोन दिवसांनी. गावात उंचावरचं देऊळ आणि ओढ्याकाठची शाळा यांतलं एक निवडायचं असेल तर देऊळ.

देवळाचा सभामंडप चांगला, पण ग्रॅनाइटवर झोपायचं तर पुठ्ठ्याचे तीन थर. शाळेचा वर्ग मिळाला तर सगळ्यात उत्तम. शेणानं सारवलेली पडवी फरशीपेक्षा केव्हाही बरी. गोठ्याशेजारची जागा लोक नाकारतात, मी आधी तीच बघते. चार जनावरं बांधलेली असली की भिंतीच्या अलीकडंही ऊब लागते. वास दहा मिनिटांत कळेनासा होतो.

कांद्याच्या चाळीचा एक फसवा प्रकार आहे. जानेवारीत चाळी रिकाम्या असतात, शेतकरी मोठ्या मनानं म्हणतो, "झोपा की चाळीत." वर छप्पर आहे, जमिनीपासून उंच आहे, छान वाटतं. पण कांदा सडू नये म्हणून चाळ मुद्दाम खालून-बाजूनं वारा खेळेल अशी बांधलेली असते. तो वारा रात्रभर तुमच्या पाठीखालून जातो. चाळीतच झोपायची वेळ आली तर खाली पुठ्ठा आणि उत्तरेच्या बाजूला ताडपत्री बांधा. थंडीतला वारा आमच्याकडं उत्तरेचाच.

झोपताना ओळीत, एकमेकींना लागून. म्हाताऱ्या माणसांना मधे घ्यायचं, तरण्या पोरींना कडेला, दाराशी तर अजिबात कुणी नाही. दोन घोंगड्या तिघींत घेतल्या तर प्रत्येकीला एकेकटीच्या घोंगडीपेक्षा जास्त ऊब मिळते. लाजायचं काय त्यात, दिंडीत सगळ्या माऊलीच.

अंग कोरडं ठेवा

थंडीचं निम्मं काम घाम करून ठेवतो. पहाटे निघताना स्वेटर, कानटोपी, मफलर सगळं चढवलेलं असतं. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावलं पडायला लागली की अर्ध्या तासात अंग तापतं, आणि आपण स्वेटर काढायचा कंटाळा करतो. आतून भिजतो. दिवसभर उन्हात ते कळत नाही. संध्याकाळी थांबलं की तोच ओलावा पाठीला बर्फ लावतो. म्हणून घाम यायच्या आधी एकेक काढत जा. एक जाड स्वेटर आणण्यापेक्षा पातळ दोन आणा.

मुक्कामाला पोचल्यावर चहाच्या आधी कपडे बदला. आतला कपडा, पोलकं, बनियन, मोजे, सगळं. झोपायचे कपडे वेगळेच ठेवायचे, दिवसा त्यांना हात लावायचा नाही, आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. बायकांनी साडीच्या आत लेगिंग किंवा थर्मल घालावी. माझ्या सासूबाईंना हे पहिल्यांदा पटेना, आता त्याच सगळ्यात आधी मागतात. पुरुष मंडळी धोतर-बंडीवर झोपतात आणि सकाळी गुडघे धरून बसतात. त्यांनीही आत काहीतरी चढवावं, विठ्ठल रागावत नाही.

झोपायचे कपडे, मोजे, कानटोपी आणि बॅटरी ही चार वस्तू सामानाच्या गाडीत टाकू नका. खांद्यावरच्या झोळीत ठेवा. गाडी वाटेत पंक्चर होते, गर्दीत अडकते, कधी चुकीच्या शाळेत जाऊन उभी राहते. गाडी येईपर्यंत दोन तास काढायचे तर एवढं हाताशी हवं.

डोकं आणि कान झाका, पण तोंड पांघरुणात घालून झोपू नका. श्वासाची वाफ आत राहते, गोधडी ओलसर होते आणि पहाटे गार लागते. नाक बाहेर, बाकी सगळं आत.

पायांना झोपताना तेल लावायचं तर तिळाचं न्या. खोबरेल बाटलीतच थिजून बसतं. टाचांच्या भेगांना कोकणातलं कोकम तेल मिळालं तर उत्तम, वडीसारखं घट्ट असतं, हातावर चोळून विरघळवून लावायचं आणि वर मोजे.

जेवण, पाणी आणि रात्रीचं उठणं

उपाशी माणूस गारठतो. पंगतीला बाजरीची भाकरी असेल तर पोळीऐवजी ती घ्या, पिठलं-ठेचा गरम गरम वाढून घ्या, आणि झोपायच्या आधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खा. पचन चालू असलं की अंग आतून तापतं. संक्रांतीचे तिळगुळाचे लाडू उरलेले असतात, तेही झोळीत टाका. या एकादशीला षट्‌तिला म्हणतात, स्नानापासून दानापर्यंत तीळ सहा प्रकारे वापरायचा तिचा आचार आहे. थंडीतल्या एकादशीला तीळ ठरवणाऱ्यांनी विचार करूनच ठरवलं असणार असं मला नेहमी वाटतं. एकादशीचा उपवास करणाऱ्यांनी नुसत्या चहावर रात्र काढू नये. शेंगदाणे, राजगिरा, भगर, पोटभर खा.

पाण्याचं एक स्पष्ट बोलते, कारण बायका हे बोलत नाहीत. रात्री अंधारात बाहेर जावं लागू नये म्हणून दुपारपासून पाणी प्यायचं बंद करतात. मग डोकं धरतं, पायात गोळे येतात, आणि थंडीही जास्त वाजते. पाणी प्या, कोमट करून प्या. झोपायच्या आधी सगळ्यांनी एकदा जाऊन या, आणि मध्यरात्री लागली तर दाबून पडू नका, त्यानं झोपही येत नाही आणि ऊबही लागत नाही. वद्य पक्ष असतो, चंद्र उगवतो तो पहाटेकडं, म्हणजे रात्र काळीकुट्ट. तिघी-तिघींनी जायचं, बॅटरी हवीच, आणि उसाच्या कडेला बसायचं नाही. गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो, ही काही घाबरवायला सांगितलेली गोष्ट नाही. मोठ्यानं बोलत जा, उजेडात बसा, लवकर या.

स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट करून, मोज्यात घालून पायाशी घेतलं तर पहाटेपर्यंत साथ देते. विकतच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली उकळत्या पाण्यानं आकसते, ती नको. मधुमेह असलेल्यांनी बाटली थेट पायाला लावू नये. त्यांच्या पायाला चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो. शेकोटीपुढं पाय धरतानाही त्यांना हेच.

दारूनं थंडी पळते म्हणणारा एखादा गाडीवाला भेटतोच. माळकऱ्याला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: दारूनं कातडीला ऊब वाटते आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. थंडीत ती घातकच.

शेकोटी

शेकोटी झोपायच्या आधीची. हरिपाठ झाला, जेवणं झाली, की अर्धा-पाऊण तास सगळे भोवती बसतात, गप्पा होतात, हातपाय गरम होतात. तेवढीच. झोपताना पाणी टाकून विझवायची, नुसती माती लोटून नाही. पाचट आणि पेंढा अंथरलेल्या जागेपासून ती लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवी. अ‍ॅक्रिलिकची शाल आणि नायलॉनची साडी ठिणगीनं वितळून अंगाला चिकटते, शेकताना सुती पदर किंवा घोंगडी पुढं घ्या.

जळण म्हणून तुरीच्या तुऱ्हाट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, बाभळीचा ओंडका. टायर आणि प्लास्टिक नाही. आणि शेतकऱ्याच्या कुंपणाच्या काट्या, बागेतले बांबू उपसायचे नाहीत. मी स्वतः बागवाली आहे, सकाळी उपसलेला बांबू बघून तोंडात हरिनाम येत नाही.

घमेल्यात निखारे भरून खोलीत, तंबूत किंवा गाडीच्या बंद हौद्यात घेऊन झोपणं मात्र कधीही, कुणीही, करायचं नाही. निखाऱ्यांतून जो विषारी वायू निघतो त्याला ना रंग ना वास. धूर दिसत नाही म्हणून लोक फसतात. झोपेतच माणूस जातो, शेजारचा उठत नाही म्हणून हाक मारायलाही कुणी शुद्धीवर नसतं. दार थोडं उघडं ठेवू म्हणणाऱ्यांनाही माझं उत्तर नाहीच आहे. आमच्या दिंडीत झोपायच्या आधी मी स्वतः फिरून घमेली बाहेर काढते.

पहाट

थंडी सगळ्यात जास्त सूर्य उगवायच्या जरा आधी असते, आणि नेमकी तेव्हाच काकड्याची वेळ. पांघरुणातून एकदम उठून उभं राहू नका. आधी बसा, हातपाय चोळा, टोपी घाला, मग उठा. रक्तदाबवाल्यांनी हे पाळाच.

आंघोळीला टाकीचं पाणी घेऊ नका. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी रात्रभर गारठलेलं असतं. बोअरचं किंवा विहिरीचं चालू पाणी पहाटे कोमट लागतं, कारण जमिनीच्या पोटातलं तापमान फारसं हलत नाही. बागेत पहाटे ठिबक सोडतात ते याच कारणानं. गावात मोटार चालू करायला कुणी तयार असेल तर तिथंच जा. वीज कधी येईल ते मात्र आदल्या रात्री विचारून ठेवा. आंघोळ नाही झाली तर हातपाय-तोंड धुवा आणि चाला.

कुणी विचित्र वागत असेल तर लक्ष द्या. कुडकुडणं चांगलं, अंग लढतंय. कुडकुडणं थांबलं आणि माणूस अडखळत चालतोय, जीभ जड झालीय, विचारलं तर भलतंच उत्तर देतोय, तर ती झोप नाही. त्याला आत न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली-वर पांघरुणं द्या, शेजारी कुणीतरी लागून झोपा. गिळता येत असेल तर गोड, कोमट दूध किंवा चहा. हातपाय जोरात चोळू नका, शेकोटीपुढं बसवू नका. आणि १०८ ला फोन लावा.

त्र्यंबकमधली रात्र

दशमीची रात्र सगळ्यांत अवघड. गाव ब्रह्मगिरीच्या पायथ्याला, डोंगरावरची गार हवा रात्री उतरून खाली येते. जागा मिळेल तिथं माणूस झोपलेला असतो. जमलं तर आदला मुक्काम पेगलवाडी-अंजनेरीकडं करून पहाटे चालत गावात शिरा, झोप तरी नीट होते.

दर्शनबारीत रात्री उभं राहायचं तर चालतानाचे कपडे पुरत नाहीत. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की तळपायातून थंडी चढते. एक पुठ्ठा काखेत घेऊन जा, पायाखाली टाका, रांग सरकली की उचला. लोक हसतात. तासाभरानं "माऊली, अर्धा द्या ना" म्हणतात.

कुशावर्तावर स्नान करणारे एकटे जाऊ नका. एकीनं पायरीवर कोरडे कपडे आणि टॉवेल धरून उभं राहायचं, दुसरीनं बुडी मारायची, मग अदलाबदल. डोकं आधी पुसा. हृदयाचा त्रास असलेल्यांनी, वय झालेल्यांनी पाणी डोळ्यांना लावावं, अंगावर शिंपडावं. तेवढ्यानं स्नान घडलं असं आमचे विणेकरी बाबा सांगतात आणि मला ते मान्य आहे.

परतताना

सगळी वारी नीट पार पडते आणि माणसं आजारी पडतात ती परतीला. दर्शन झालं की रात्रीच उघड्या पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून घरी निघतात. चालत्या गाडीचा वारा अंगात घुसतो, आणि आता चालून अंग तापवायचीही सोय नसते. एसटी या यात्रेला जादा गाड्या सोडते, त्यात बसा. पिकअपनंच जायचं असेल तर ऊन चढल्यावर निघा, केबिनला पाठ टेकून खाली बसा, बाजूंना ताडपत्री बांधून घ्या. आणि गोधड्या-घोंगड्या गाडीत कोंबायच्या आधी तासभर उन्हात टाका. ओलसर वळकट्या तशाच बांधल्या तर घरी उघडेपर्यंत कुबट वास मारतात आणि पुढच्या वर्षी त्याच तुमच्या अंगाखाली येणार असतात.